शेवटच्या बॅचचा फ्लॅश पॉइंट

वसुधा करंबेळकरांनी प्रयोगशाळेत तिसऱ्यांदा चाचणी घेतली, तरी आकडा तोच आला. तेलाची वाफ दोनशे वीस अंशांना पेट घ्यायला हवी होती. ती एकशे नव्वदलाच भडकली. फ्लॅश पॉइंट इतका खाली, म्हणजे बॅचमध्ये कुठेतरी हलकं तेल मिसळलं होतं.

"तेलाचा दाटपणा, व्हिस्कॉसिटी, बरोबर आहे ना, मॅडम? मग पास करून टाका," मॅनेजर इरफान मुलाणी म्हणाले. "जगातलं कच्चं तेल काढणं थांबलं. उद्या ही रिफायनरीही बंद. जुन्या बनावटीचे कृत्रिम गुडघे याच तेलावर चालतात, आणि त्या माणसांचं नवे बसवून घ्यायचं वय राहिलेलं नाही."

"हलक्या तेलानं गुडघ्याचं रबरी सील फुगेल. तेल अंगात झिरपेल."

"तुमच्या यजमानांचे गुडघेही जुनेच आहेत."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि अहवालावर 'नापास' लिहून त्यांनी सही केली.

घरी विनायकराव दारातच उभे होते. "मिळालं तेल?"

"नाही. मीच नापास केलं." वसुधाताई पायरीवर बसल्या. तीस वर्षांच्या नोकरीचा शीण एकदम अंगावर आला होता. "गुडघ्यांत आहे ते दोन महिने पुरेल. मग गुडघे आखडतील."

विनायकरावांनी हात पुढे केला. "चल, टेकडीवर जाऊन येऊ."

वसुधाताईंना उठवत नव्हतं. तरी त्या उठल्या. चढावर विनायकराव दोन पावलं पुढेच होते.