बोटभर आखूड

विलायतेतल्या एका मोटार कंपनीनं गाशा गुंडाळला, तेव्हापासून तिच्या गाड्यांच्या काचेभोवतीचं रबर अख्ख्या नगर जिल्ह्यात एकटा भिंगारचा चांदभाईच बनवायचा. एक दिवस एक डॉक्टर तणतणत आले. "चांदभाई, तुमच्या रबरातून पाणी गळतंय!"

चांदभाईनं रबर काढून काचेला लावून पाहिलं. बोटभर आखूड! भट्टीत शिजलं की रबर आकसतं, म्हणून साचा वाढवून करावा लागतो. हे ठाऊक नसलेल्या कुणीतरी त्याच्या तयार रबरावरूनच साचा काढला होता.

"डॉक्टरसाहेब, हे कुठनं घेतलं?"

"रंगनाथकडनं. तुमचाच माल म्हणून दिला त्यानं."

रंगनाथ लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या गाडीला चांदभाईनं आपल्या हातानं रबर बसवून दिलं होतं, पैसुद्धा न घेता.

चांदभाई तडक त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. रंगनाथ जरासुद्धा ओशाळला नाही.

"तू तरी कुनाला इचारून साचा केल्तास? कंपनीची नक्कलच ना ती?"

"व्हय, नक्कलच," चांदभाई म्हणाला. "पन कंपनी मेली हुती, रंग्या. मी अजून जित्ता हाय."