नेव्ह आणि रेलीन, चॅनल अठरा

"अगं रेलीन, ये ना जरा! अक्षरं निघाली, पण नाव काही जाईना!"

लॉरेन कुंपणापलीकडून ओरडत होती. रेलीननं बागेची कात्री खाली टाकली आणि शेजारच्या अंगणात गेली. कॅरॅव्हॅन आता तिथं उभी होती. मागच्या रविवारपर्यंत ती रेलीनच्या अंगणात होती, तिचा नवरा नेव्ह गेल्यापासून ताडपत्रीखाली. लॉरेन आणि तिचा नवरा ग्रॅहम यांनी ती रीतसर विकत घेतली होती. गाडीमागं ते घर ओढत, अख्ख्या ऑस्ट्रेलियाला वळसा घालून, ती दोघं पुढच्या वर्षीच इथं, तुवूम्बाला परतणार होती. आयत्या बिळावर नागोबा, रेलीनच्या मनात आलं. बीळ तिनंच विकलं होतं, हे खरं. पण मत्सराला पावती दाखवून काय उपयोग?

लॉरेनच्या हातात हेअर ड्रायर होता. गरम हवा मारून तिनं कॅरॅव्हॅनच्या पाठीवरचं एकेक अक्षर सोलून काढलं होतं. कॅरॅव्हॅनवाले सगळेच मागं आपली नावं आणि रेडिओचा चॅनल लावतात, तशी यांचीही होती: ‘नेव्ह आणि रेलीन, चॅनल १८’. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला रेडिओवर नावानं हाक मारता यावी, एवढंच. पण भोवतीचा पत्रा उन्हानं पिवळा पडला होता आणि अक्षरांखालचा पांढराशुभ्र राहिला होता. त्यामुळे नाव पूर्वीपेक्षा ठसठशीत दिसत होतं.

ते पाहून रेलीनला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली.

तिकडे ग्रॅहमनं गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला होता. "आधी दक्षिण," तो म्हणाला. "नलारबोरचं मैदान एकदा पार केलं, की पुढं मजाच मजा."

"मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडाशी, दक्षिण? हाडं गोठतील! आधी उत्तर."

"अगं बाई, चालवणार कोण आहे?"

"चालवशील तू. रात्री कुडकुडणार मी. आणि मग चहा कोण करणार? तुझा नकाशा?"

"बघ ना गं रेलीन, निघायच्या आधीच ही अशी!"

रेलीन तोंडदेखलं हसली. त्यांच्या प्रवासापेक्षाही त्यांच्या भांडणावर ती जळत होती. काय ऐटीत भांडत होती दोघं! तिच्या घरात आता कुणी चहावरून कुरकुर करणारंसुद्धा उरलं नव्हतं.

खरं तर उत्तर तिला ठाऊक होतं. आधी उत्तरेला जायचं, पश्चिम किनाऱ्यानं खाली यायचं आणि नलारबोरवरून घराकडे वळायचं. म्हणजे त्या उघड्या माळावर वारा पाठीशी राहतो आणि डिझेल कमी लागतं. नेव्ह दर वर्षी जेवणाच्या टेबलावर बोट फिरवून हे सांगायचा आणि दर वर्षी शेवटी ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणायचा. पण ते रेलीननं का सांगावं? जाऊ देत दक्षिणेला. खाऊ देत वारा तोंडावर.

"ते राहू दे," लॉरेन म्हणाली. "या नावाचं काय करू सांग. काही लावून घासलं तर जाईल का?"

जाणार होतं. रेलीनच्या शेडमध्ये, दाराजवळच्या फळीवर, घासायच्या पॉलिशचा डबा अजून होता. ही कॅरॅव्हॅन त्यांनी जुनीच घेतली होती. तेव्हा तिच्यावर दुसऱ्याच कुणा जोडप्याची नावं होती. नेव्हनं आणि तिनं त्याच पॉलिशनं घासून ती पार पुसून टाकली होती. गाणी म्हणत. ती माणसं कोण, कुठली, असा विचारसुद्धा मनात आला नव्हता.

"नाही जात," रेलीन म्हणाली.

"कशानंच नाही?"

"कशानंच नाही. आम्हीही करून बघितलं होतं. उन्हाचा डाग आहे तो, पत्र्यात मुरलेला." खोटं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "तुमची नवीन अक्षरं लावून टाका. आणा इकडे, मी लावते. तुम्हा दोघांना दिलं तर त्यावरूनही भांडाल."

ग्रॅहम हसला आणि त्यानं अक्षरांचं पाकीट तिच्या हातात दिलं. रेलीननं तळव्यानं पत्रा पुसला. एकेक अक्षर सरळ रेषेत, नीट दाबून लावलं. पण जुन्या नावावर नाही. त्याच्या खाली, चार बोटं जागा सोडून.

मग ती दोन पावलं मागं सरली आणि बघत राहिली. वर पांढरं नाव, खाली निळं.

"आधी उत्तर," ती एकदम म्हणाली.

"काय?"

"आधी उत्तरेला जा, ग्रॅहम. नलारबोर शेवटी ठेव. वारा पाठीशी राहील, डिझेल कमी लागेल. नेव्हचा हिशेब होता तो."

"ऐकलंस?" लॉरेननं हेअर ड्रायर नवऱ्यावर पिस्तुलासारखा रोखला. "मघापासून मी काय सांगतेय?"

"तू थंडीचं सांगत होतीस. ही वाऱ्याचं सांगतेय." ग्रॅहम नकाशाची घडी घालत मागं आला. दोन्ही नावं बघून त्यानं डोकं खाजवलं. "पण काय गं रेलीन, रस्त्यात एखाद्यानं रेडिओवर ‘काय नेव्ह, काय रेलीन’ म्हणून हाक मारली, तर काय सांगू?"

रेलीननं शेवटच्या अक्षराचा उचललेला कोपरा अंगठ्यानं दाबला.

"सांग, मागं बसलीत दोघं. भांडतायत."