कपाटातला लॅपटॉप

काकासाहेबांनी कटर दाबलं आणि लॅपटॉप बांधून ठेवायची कुलपाची केबल कटकन तुटली.

"बघा ताई. ह्या सुतळीच्या भरवशावर लॅपटॉप वर्गात ठेवा म्हणतात आमच्या मॅडम."

समोर प्रभावतीताई बसल्या होत्या. मंठ्याजवळच्या याच शाळेत शिकून पुण्यात मोठ्या हुद्द्यावर गेलेल्या. मुलींना कॉम्प्युटर यावा म्हणून गेल्या उन्हाळ्यात लॅपटॉप त्यांनीच पाठवला होता. तो वापरात नसेल तर दुसऱ्या शाळेला देणार, असं त्यांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

तुटलेली केबल सत्यशीला मॅडमची, पदरचे पैसे घालून औरंगाबादहून आणलेली. तिचे दोन्ही तुकडे त्यांनी उचलून पर्समध्ये टाकले. राग आला होता, आणि तो लपवायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"चोर कटर घेऊन यायचा तेव्हा येईल, सर. तोवर पोरींनी काय कपाटाची पूजा करायची?"

"अन् गेला म्हंजे? भरून कोण देईल, तुम्ही?"

"मी देईन. लिहून घ्या."

काकासाहेब हसले. हेडमास्तर हसले की विषय संपला, हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं. "कपाटात बिलकुल सुरक्षित आहे, ताई. अजून एक ओरखडा न्हाई."

"हातच लावला नाही तर ओरखडा कुठून येणार?" प्रभावतीताई म्हणाल्या. "दाखवा तरी."

लोखंडी कपाटाची किल्ली काकासाहेब कुणाच्या हाती देत नसत. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, खोकं टेबलावर आणून ठेवलं, झाकण काढलं.

आत भूगोलाची जुनी पुस्तकं होती.

काकासाहेब मटकन खुर्चीत बसले. "किल्ली माझ्याचजवळ होती, ताई. आईशप्पथ."

"म्हणून वर्गात ठेवायचा नव्हता होय?" प्रभावतीताईंचा आवाज पार बदलला होता.

"मी न्हाई घेतला!" काकासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. "आत्ताच्या आत्ता पोलिसांना फोन लावतो."

"लावा की," सत्यशीला मॅडम म्हणाल्या. "कुलूप पुढून होतं, सर. मागचा पत्रा मी दिवाळीतच खोलला. लॅपटॉप आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात आहे, खिडकीच्या गजाला अशाच केबलनं बांधलेला. रोज शाळा सुटली की पोरी तिथंच असतात. तुम्ही तक्रार नुसती तोंडी सांगा. टाइप त्या करून देतील."