परीक्षेची पेशंट

शिकाऊ डॉक्टरांच्या परीक्षेला दरवर्षी आमच्या ठमीला बोलावतात. जन्मापासून तिच्या हृदयाची एक झडप अरुंद, आणि आवाज असा की बहिऱ्यालाही ऐकू यावा. यंदा मात्र मोठ्या डॉक्टरांनी मांडीतून नळी सारून, आत फुगा फुगवून ती झडप उघडली होती. छातीवर ओरखडासुद्धा नाही.

पहिल्याने स्टेथोस्कोप लावून भक्तिभावाने डोळे मिटले. "झडप अरुंद आहे, सर."

दुसरा म्हणाला, "अगदी स्पष्ट!"

तिसरी म्हणाली, "फारच अरुंद, सर!"

बायकोने माझा दंड असा आवळला की माझंच रक्त थांबलं. "अहो, पुन्हा मिटली की काय हो?"

मोठे डॉक्टर तिघांवर कडाडले, "मागच्या वर्षीची उत्तरं घोकून आलात ना? ताई, घाबरू नका. सकाळीच मी तपासलंय, झडप झकास उघडतेय. आवाज नावालाही नाही. घरी न्या पोरीला."

बाहेर येताच मी आईला फोन लावला.

"ऑपरेशन नीट झालंय ना रे नक्की?" तिने विचारलं.

"नीट म्हणजे? अगं, तुझ्या नातीने आज तीन डॉक्टर नापास केलेत!"