भोंग्याचं तोंड

शेत केवढं, भोंगे किती, हे विचारल्याशिवाय योगीराज कुणाला ॲम्प्लिफायर दाखवायचाच नाही. दैवशालाबाईनं उत्तर न देता मेमरी कार्ड पुढं केलं. त्यानं ते लावून पाहिलं. पुरुषाचा खरखरीत आवाज दुकानभर घुमला, "हाऽऽड! हाऽऽड!"

"आमच्या मालकाचा हाय," ती म्हणाली. "रानडुकरं हाकलायला भरून ठेवला होता. मशीन जळालं."

"डुकरं भेतात का अजून?"

"न्हाई. सवय झाली त्यांला."

"मग मालकाला घेऊन या. नवा आवाज भरू."

"ते दिवाळीतच वारले."

योगीराजनं एक छोटा ॲम्प्लिफायर पुढं सरकवला. "शेतापुरता हा बास हाय, मावशी."

"मोठा द्या," ती म्हणाली. "भोंग्याचं तोंड आता घराकडं फिरवलंय."