स्पीकरचा नेम

"आई, रोज सकाळी पंक रॉकचा एक अल्बम पूर्ण ऐकायचा, आज जुना तर उद्या नवा. आणि कुणी आवाज कमी कर म्हणालं, तर आणखी वाढवायचा. वचन दे!" नोकरीला निघताना लेक म्हणाला होता.

दिलेला शब्द मोडायचा कसा? जप झाला की स्पीकर, असा नेमच झाला. हळूहळू गोडीही लागली. शेजारच्या काकूंनाही दोन अल्बम सुचवले.

परवा लेक सुट्टीवर आला, मॅनेजर होऊन. गायक कोकलायला लागताच टाय सावरत खोलीबाहेर धावला. "आई, कमी कर ते बोंबलणं! साहेब फोनवर आहेत, माझ्या पुढच्या बढतीचं बोलतायत!"

"बरं हं, बाळा."

 

तो आत परतताच त्याच्या खोलीचं दार मी हलकेच लोटलं आणि वचन पाळायला स्पीकरकडे वळले.