जुना पिकअप

"काका, जो सगळ्यात भेसूर किंचाळेल तोच बसवा," गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांच्या टेबलावरचे, तारांचा आवाज पकडून स्पीकरला देणारे नवे पिकअप उलटसुलट करत मी म्हणाले. आमच्या मेटल बँडमध्ये किंचाळायचं काम धाकट्या भावाचं. घशाच्या ऑपरेशननंतर त्याच्याकडे नुसती कुजबुज उरली, तीही कान लावल्याशिवाय कळत नाही. संध्याकाळच्या कार्यक्रमात माझ्या सात तारांच्या गिटारनेच ओरडायचं होतं, नाहीतर बँड गुंडाळा. "जुना पिकअप कामातून गेलाय," काका म्हणाले. "आतलं मेण सुटलंय. तारांपाशी बोललं तरी स्पीकरमधून ऐकू येतं." कोपऱ्यातला भाऊ ताडकन उठला. जोडलेल्या स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवून तो गिटारवर वाकला आणि तारांना ओठ टेकवून पुटपुटला. भिंती हादरल्या. तोच जुना, खरखरीत, राक्षसी आवाज! "ताई, सातवी तार उतरलीये." काकांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मी खुंटीला हातही लावला नाही. "पुन्हा बोल."